वाडीतल्या तलावाचा काठ

विरारला चंदनसारच्या फ्लॅटचा ताबा मिळाला त्या दिवशी मी पूजेआधी घरातल्या सगळ्या लाद्या वाजवून पाहिल्या. हातात रुपयाचं नाणं घ्यायचं, गुडघ्यांवर रांगत एकेक लादी ठोकायची, आवाज भरीव आला की पुढे सरकायचं आणि पोकळ आला की खडूने फुली मारायची. भटजी पाटावर बसून होते, बायको कलश घेऊन दारात उभी होती आणि मी ओट्याखाली डोकं घालून होतो. "अहो, मुहूर्त टळेल," असं तिने तिसऱ्यांदा म्हटल्यावर मी बाहेर आलो. सदतीस फुल्या निघाल्या. बिल्डरने त्यातली एकही लादी बदलून दिली नाही, आणि पुढची कित्येक वर्षं मी स्वतःच्याच घरात फुल्या चुकवत चालत होतो. फुल्या केव्हाच पुसल्या गेल्या होत्या, पण मला त्या पाठ होत्या.

हा माझा स्वभावच. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी मुंबईत एका कन्सल्टंटकडे लागलो होतो. ठेकेदाराने केलेलं काम नकाशाप्रमाणे आहे की नाही ते तपासायचं, चुका लिहायच्या, सही करायची, हे माझं काम. म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायचा मला पगार मिळायचा, आणि सुट्टीच्या दिवशी मी तेच फुकट करायचो. लग्नाला गेलो की मांडवापेक्षा हॉलची फरशी कुठे खचलीय ते आधी दिसायचं. एका जागी पाच मिनिटं बूड टेकायचं नाही. बसलो तरी एक पाय हलत असायचा. "तुम्हाला चूक सापडली नाही की जेवण पचत नाही," असं बायको म्हणायची, आणि तिचं म्हणणं फारसं खोटं नव्हतं.

ती विरारच्या एका शाळेत शिकवायची. तिथून निवृत्त झालेले एक सर नंदाखालला राहायचे. पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती घराण्याची नारळ-केळींची वाडी, वाडीच्या मधोमध कौलारू घर आणि घरामागे बावखल, म्हणजे त्या भागात प्रत्येक वाडीत असायचं तसं गोड्या पाण्याचं तळं. शतक संपायला दोन-तीन वर्षं राहिली असतील. विहिरींचं पाणी मचूळ व्हायला लागलं होतं, केळीत दम उरला नव्हता आणि मुलांना वाडीत उतरायची हौस नव्हती. त्या पट्ट्यात एक नवीनच टूम निघाली होती. वाडीचा एक कोपरा मोकळा करायचा, तिथे पोहण्याचा तलाव बांधायचा, चार खोल्या काढायच्या. मुंबईची माणसं रविवारी गाडी करून येतात, दिवसभर डुंबतात, जेवतात आणि संध्याकाळी परत जातात. सरांनीही तेच ठरवलं.

एक दिवस सरांनी बायकोकडून मला बोलावणं धाडलं. मी स्कूटर काढून गेलो. सरांनी स्वतः काढलेला शहाळ्याचा पेला हातात दिला आणि मास्तरकीच्या सवयीने सगळं मुद्देसूद सांगितलं.

"तलाव झालाय. पुढच्या महिन्यात फादर आशीर्वाद द्यायला येतील. आतलं आम्हाला कळतं, जन्म टाक्या बघण्यात गेलाय. पण काठाचं आम्हाला काही कळत नाही. तुम्ही मुंबईत मोठमोठ्या क्लबांचे तलाव तपासलेत, असं बाई म्हणाल्या. एकदा काठ बघा आणि जे असेल ते लिहून द्या."

मी असा एकच तलाव तपासला होता, पण ते सांगितलं नाही.

मग सरांनी खरं कारण सांगितलं. काम घेतलं होतं एका मिस्त्रीने. पूर्वेकडच्या भातशेतीच्या गावातला माणूस, पन्नाशीचा. तीस वर्षं त्याने या पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये पाण्याच्या टाक्या बांधल्या, विहिरींचे कठडे बांधले. पण ठेका नेहमी दुसऱ्याचा आणि थापी याची. स्वतःच्या नावावर घेतलेलं हे पहिलंच काम. पत्र्यावर रंगाऱ्याकडून स्वतःचं नाव आणि खाली 'कॉन्ट्रॅक्टर' असं लिहूनसुद्धा घेतलं होतं म्हणे. आता सरांच्या शेजारच्या वाडीवाल्यालाही तसाच तलाव बांधायचा होता, पण तो कुंपणावर बसून होता. सरांचा काठ पास झाला तर मिस्त्रीला काम देईन, नाहीतर मुंबईची पार्टी आणीन, असं त्याने तोंडावर सांगितलं होतं.

"हे दुसरं काम मिळालं तर तो मार्गी लागला," सर म्हणाले. "नाही मिळालं तर परत सकाळी विरारच्या नाक्यावर थापी घेऊन उभा राहणार, कुणी बोलावतंय का बघत. या वयात."

"मी काम बघेन, सर. माणूस बघणार नाही," मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा फार बाणेदार वाटलं होतं.

ठरल्याप्रमाणे रविवारी गेलो. मला वाटलं होतं सर, मिस्त्री आणि मी, असे तिघेच असू. पण चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून सरांचे नातेवाईक परस्पर वाडीतच आले होते. नारळांच्या सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या, चहाची किटली फिरत होती, पोरीबाळी ठेवणीतल्या फ्रॉकात रिकाम्या तलावाभोवती पळत होत्या. सरांची वयस्क बहीण पुढच्या खुर्चीवर बसली होती. शेजारचा वाडीवाला मात्र बसला नव्हता. हाताची घडी घालून तो एका माडाला टेकून उभा होता. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून तलावाच्या कोपऱ्यावर उभा होता. त्याने मला नमस्कार केला तेव्हा त्याच्या हाताच्या कातडीला सिमेंटने पडलेल्या भेगा दिसल्या.

मी पिशवीतून पाणी भरून पातळी बघायची लेव्हलची नळी काढली, स्पिरिट लेव्हल काढली. इतकी माणसं आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर अंगात वारं शिरलं. एका जागी उभं राहवेना. काठ काळ्या कडप्प्याचा होता, हातभर रुंद. मी एका कोपऱ्यावर बसलो, लगेच उठलो, दुसऱ्या कोपऱ्याकडे गेलो, मग बादलीतून मगभर पाणी घेतलं आणि काठावर ओतलं.

पाणी आत गेलं.

मी दुसऱ्या जागी ओतलं. तेही सुळकन आत, तलावात. तिसऱ्या जागीही तेच. काठाला आतल्या बाजूला उतार दिला होता.

आणि खुर्च्यांवरून कौतुकाचे आवाज आले. सरांची बहीण घरच्या बोलीत काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही, म्हणून सरांनी सांगितलं, "ती म्हणतेय, पाणी राखणारा काठ आहे. एक थेंब बाहेर जात नाही."

मिस्त्री कोपऱ्यावरून मंद हसला.

झालं काय होतं, ते मला एका क्षणात कळलं. वाडीतल्या टाकीचा काठ असाच आत उतरता करतात. बाया त्यावर भाजीच्या जुड्या धुतात, हंडे ठेवतात, फुलांच्या पाट्या भिजवतात; जे पाणी सांडेल ते परत टाकीतच गेलं पाहिजे. तीस वर्षं त्या माणसाने तेच केलं होतं, आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. सगळे तलावाला टाकीच समजत होते. पण पोहण्याच्या तलावाचं गणित उलटं असतं. बाहेरून येणारे मातीचे पाय, घाम, तेल, सांडलेला सोडा, सगळं काठावर पडतं; ते बाहेर वाहून जायला हवं. म्हणून तिथे उतार बाहेरच द्यायचा. हा काठ असाच राहिला असता तर एका रविवारात तलावाचा चहा झाला असता.

म्हणजे चूक होती, आणि साधी नव्हती. काठ तोडावाच लागणार होता. यात मी आजही माघार घेणार नाही.

पण एवढं दिसल्यावर मला पुढे काही बघवेना. मोठी चूक सापडली की मला एक नशा चढायची. नळी जमिनीवर तशीच पडली. मी खुर्ची ओढली, फुलस्केप कागद मांडीवरच्या फायलीवर ठेवला आणि ऑफिसात लिहितो तसं झरझर लिहून काढलं. सर म्हणाले, "वाचूनच दाखवा ना. सगळे आहेतच."

मी त्यांना बाजूला घेऊ शकलो असतो. मिस्त्रीला आधी चार शब्द सांगू शकलो असतो. त्याऐवजी मी उभा राहिलो आणि घसा खाकरून वाचलं, "तलावाच्या काठाचा उतार चुकीच्या दिशेने आहे. काठाचे संपूर्ण काम निकृष्ट असून ते तोडून नव्याने करावे."

किटली फिरवणारी बाई जागच्या जागी थांबली. फक्त पोरी पळत राहिल्या.

"निकृष्ट म्हंजे?" मिस्त्रीने विचारलं.

"म्हणजे हलक्या प्रतीचं."

"माल हलका घातला मी?"

"तसं नाही. एकूण काम."

"टाकीचा काठ आतच उतरतो, सायेब."

मग मी व्याख्यान दिलं. टाकी वेगळी आणि तलाव वेगळा, पायाची घाण, तेल, माती, सगळं हातवारे करून समजावलं. त्याने मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाला. माडाला टेकलेल्या शेजाऱ्याने कप खाली ठेवला. "सर, मी मग मुंबईचंच बघतो," एवढं म्हणून तो केळींच्या ओळींमधून आपल्या वाडीकडे निघून गेला. मिस्त्रीने त्याला जाताना पाहिलं. मीही पाहिलं. मला त्या क्षणी वाईट वाटलं नाही, हे लिहायला मला आज लाज वाटते. मला वाटलं ते एवढंच, की आपण वेळेवर आलो.

घरी येऊन मी सगळी हकीकत बायकोला रंगवून सांगितली. ती वह्या तपासत होती. तिने मान वर न करता विचारलं, "नाणं वाजवलंत?"

"काय?"

"दगड वाजवून बघितलेत का? आपल्या घरात तर भटजींना ताटकळत ठेवून बघितलं होतंत."

मी खिशात हात घातला. नाणं खिशातच होतं. सबंध सकाळ ते खिशातच होतं.

मी दगड वाजवला नव्हता. नळी लावली नव्हती. सांधे बघितले नव्हते, दगडाची कड हाताने चाचपली नव्हती. एक चूक दिसली होती आणि बाकीचं सगळं मी तिच्या जोरावर लिहून टाकलं होतं. मुंबईतल्या साइटवर कुणा ज्युनिअरने असं केलं असतं तर मी त्याची बिनपाण्याने केली असती.

"उतार चुकलाच होता," मी म्हणालो.

"मी कुठे नाही म्हणतेय?" ती म्हणाली आणि पुढची वही उघडली.

तो आठवडा कसा गेला ते माझं मलाच ठाऊक. ऑफिसात ड्रॉइंग उघडावं तर पहिल्या रेषेवरच नजर अडकायची. जेवताना उठून गॅलरीत जायचो, गॅलरीतून परत ताटावर. कुणाशी बोलताना मध्येच "संपूर्ण" हा शब्द आठवायचा. उतार चुकीचा आहे, एवढंच लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? सोमवारी मी स्वतःची समजूत घातली की तीस वर्षं टाक्या बांधणारा माणूस दगड काय धड बसवणार, असेलच ते निकृष्ट. मंगळवारी वाटलं, असेल कशावरून? बुधवारी बायकोने विचारलं, "पायाला भिंगरी लागलीय का? जाऊन एकदा बघून का येत नाही?" गुरुवारी मी रजा टाकली आणि रेल्वेचं फाटक ओलांडून नंदाखालचा रस्ता धरला.

वाडीच्या तोंडाशीच हातोड्यांचे आवाज ऐकू आले. ठण, ठण, मग थोडा वेळ काही नाही, परत ठण. तलावाजवळ मिस्त्री आणि एक मजूर काठ फोडत होते. सर खुर्चीवर बसले होते, चेहरा ओढलेला.

"सोमवारपासून चाललंय," ते म्हणाले. "चार दिवसांत एक बाजू आणि थोडी दुसरी. फुटतच नाही हो. एक मजूर तर कालच काम टाकून गेला. म्हणाला, डोंगर फोडायला सांगा, हे नको."

मी अर्धवट फुटलेल्या जागेपाशी उकिडवा बसलो. दगडाखाली माल कसा भरलाय ते तुटलेल्या कडेवर स्पष्ट दिसत होतं. बोट शिरेल एवढीसुद्धा फट नव्हती. दगडाच्या खालच्या अंगाला छिन्नीचे टाके मारून ते खरखरीत केलं होतं, म्हणजे माल पकडून राहावा. भिंतीतून जाळी वर आणून काठात गुंतवली होती. दगड फुटत होता, पण मालापासून सुटत नव्हता. आतल्या कडेची धार हाताने घासून गोल केली होती. मी बोट फिरवलं, कुठेही टोचलं नाही. ओल्या अंगाने काठाला लटकणाऱ्या पोराचं पोट खरचटू नये, म्हणून ही काळजी असते. मी पाहिलेल्या त्या मुंबईच्या क्लबात ही कड मशीनवर घासून आली होती आणि तरीही दोन जागी कापत होती.

मी नाणं काढलं. न फुटलेल्या भागावर दर दगड वाजवत गेलो, कडेने, कोपऱ्यात, सांध्याजवळ. गुडघ्यांवर रांगत दोन बाजू पूर्ण केल्या, तिसरीचा उरलेला तुकडा केला. एकही पोकळ नव्हता. खडू खिशातून बाहेरच आला नाही. मग नळी काढली. तिचं दुसरं टोक धरायला कुणाला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून सरांनाच उठवलं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत काठाच्या पातळीत सुताचा फरक नव्हता. आत दिलेला उतारसुद्धा सगळीकडे बरोबर अर्धा इंच. चूक होती, पण उरलेल्या सगळ्या काठावर अगदी सारखी चूक होती.

"पानी भरून बघितलेली मी लेवल," मिस्त्री म्हणाला. छिन्नीवरून नजर त्याने उचलली नव्हती. "पानी खोटं नाय बोलत. बाजूला व्हा, चिपऱ्या उडतात."

"मला द्या जरा," मी म्हणालो.

त्याने हातोडा आणि छिन्नी माझ्यापुढे ठेवली. मी दोन्ही हातांनी जोर काढून घाव घातला. छिन्नी उडाली, माझ्या कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या आणि दगडाचा नखाएवढा टवका निघाला. उरलेला मजूर हसला. मिस्त्री हसला नाही.

मी सरांकडे गेलो. "सर, तो कागद द्या. मी बदलून लिहून देतो. उतार चुकीचा, पण बांधणी पहिल्या नंबरची. माझी चूक झाली."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सातवीच्या वर्गात उभा आहे. "पोराचं एक गणित चुकलं म्हणून मी कधी सबंध पेपरवर भोपळा दिला नाही. मला तेव्हाच बोलायला हवं होतं, तुमच्या शिक्षणाचा मान ठेवून गप्प बसलो. पण मला लिहून देऊन काय करता? मला हा माणूस माहीत आहे. ज्याने ऐकलं त्याला जाऊन सांगा."

फुटलेल्या ढिगातून मी एक तुकडा उचलला, वर कडप्पा आणि खाली माल, दोन्ही एकजीव झालेले. चांगला दहाबारा किलोचा असेल. तो छातीशी धरून मी केळींच्या ओळींतून निघालो. मधला पाट ओलांडताना एक पाय चिखलात गेला, चप्पल तिथेच राहिली, ती काढायला वाकलो तर शर्टाला सिमेंटचा पट्टा उमटला. शेजारी त्याच्या वाडीत केळीचे घड टेम्पोत चढवून घेत होता. घामाघूम, एका हातात चप्पल आणि छातीशी दगड, असा मला बघून तो थबकला.

"हे बघा," मी दगड टेम्पोच्या फळीवर ठेवला. "हे त्याचं काम. दगड फुटला, पण सुटला नाही. असं काम मी मुंबईत पाहिलेलं नाही."

त्याने दगड उलटा केला, बोटाने कड चाचपली. मग माझ्याकडे पाहिलं. "परवा निकृष्ट लिहिणारे तुम्हीच ना?"

"हो."

"आणि आज उत्तम सांगणारेही तुम्हीच."

"हो."

"मग मी कुणाचं खरं मानू? रविवारच्या तुमचं की आजच्या तुमचं?"

मी आयुष्यभर दुसऱ्याची कामं तपासली होती, आणि माझ्या एका सहीवर लोक आतापर्यंत विश्वास ठेवत आले होते. हा माणूस काही टोचून बोलत नव्हता. त्याला स्वतःच्या वाडीत तलाव बांधायचा होता आणि तो साधा व्यवहाराचा प्रश्न विचारत होता. टेम्पोवाला घड हातात धरून आमच्याकडे बघत राहिला होता.

"माझं मानू नका," मी शेवटी म्हणालो. "रविवारचंही नको आणि आजचंही नको. तुम्ही स्वतः येऊन बघा."

"मला वेळ नाही."

"पाच मिनिटं. नंतर मुंबईची पार्टी आणा, मी एक अक्षर बोलणार नाही."

तो यायला तयार झाला, बहुधा मी तिथून जावं म्हणूनच. आम्ही परत आलो तेव्हा मिस्त्री पूर्ण फोडून झालेल्या बाजूकडे वळला होता. मी आल्यापासून जुन्या दगडांवरच नजर लावून बसलो होतो, त्यामुळे ही बाजू पाहिलीच नव्हती. तिथे त्याने सकाळीच नवे चार-पाच दगड बसवले होते. नव्या काठाला उतार बाहेर होता. आणि बाहेरच्या कडेला त्याने एक उथळ पन्हळ ओढली होती, विटांवर सिमेंटची, ताजी, अजून ओलसर. पन्हळ काठालगत जाऊन पुढे वळत होती आणि केळींच्या पहिल्या ओळीतल्या पाटाला मिळत होती.

हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं. नकाशात आम्ही ते पाणी सरळ गटारात सोडतो. ते आणखी कुठे जाऊ शकतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

शेजारी थेट पुढे झाला. बादलीजवळ गेला, मगभर पाणी घेतलं आणि नव्या दगडांवर ओतलं. पाणी बाहेर वळलं, पन्हळीत उतरलं, थोडं थांबल्यासारखं झालं, मग कोपऱ्यावरून वळून केळीच्या बुंध्याशी गेलं आणि मुरलं. त्याने दुसरा मग ओतला, आणि या वेळी तो पाण्याबरोबर चालत केळीपर्यंत गेला. तिथे वाकून माती ओली झाल्याचं बघितलं. मी त्याच्या मागेमागे जाणार होतो, सरांनी माझा दंड धरून मला जागीच उभं केलं.

"ही तुझीच कल्पना?" त्याने केळीपासूनच विचारलं.

"पानी बाहेर टाकायचं म्हनाले सायेब. बाहेर टाकलं," मिस्त्री म्हणाला. "पन फुकट कशाला घालवायचं?"

शेजारी परत आला. हातातला मग बादलीत टाकला, हात पुसले. माझ्याकडे त्याने बघितलंच नाही. मी नेलेला दगड तिकडे टेम्पोच्या फळीवरच राहिला होता.

"माझा तलाव पावसाआधी होईल?"

माझा पाय हलत होता, तो मी दुसऱ्या पायाने दाबून धरला.

मिस्त्रीने थापी पाण्यात बुडवून स्वच्छ केली, उलटीपालटी करून पाहिली आणि ओल्या दगडावर ठेवली. मग त्या सबंध सकाळभरात पहिल्यांदा त्याने मान वर करून माझ्याकडे सरळ पाहिलं.

"होईल," तो म्हणाला. "पन मोजाया ह्यांना नका बोलवू."

सर हसले, शेजारी हसला, तो मजूर तर खालीच बसला. मीही हसलो. कान तापले होते, पण रविवारपासून छातीवर असलेलं ओझं उतरलं होतं, आणि त्याच वेळी मला असंही वाटत होतं की या माणसाने मला माफी मागायला जागासुद्धा ठेवली नाही. मी नळी गुंडाळली आणि स्कूटरकडे निघालो.

पावसाआधी शेजाऱ्याचा तलाव झाला. मला कुणी बोलावलं नाही.